अर्ध्या पिक्चरची फॅट

माझं लग्न ठरलं तेव्हा जुन्नरच्या मामीने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "भाजी करपली तरी चालेल, पण त्या गावात डेअरीवर पिक्चरबद्दल तोंड उघडू नकोस." मी नुकतीच बी.कॉम. झाले होते, आणि मामीला तर वाण्याच्या दुकानापुढच्या रांगेतही राजकारण दिसायचं. मी 'बरं' म्हटलं आणि सोडून दिलं.

आमचं गाव मंचरहून पारगावकडे जाताना लागतं. मधून ओढा वाहतो. ओढ्याच्या खाली आमची आळी, वर धनगरांची. त्यांच्या काही घरांत अजून मेंढरं आहेत, बाकीच्यांचा आमच्यासारखाच ऊस आणि बटाटा. दोन्ही आळ्यांचं देऊळ एक, डेअरी एक, पण लाइट मात्र दोन वेगळ्या लाइनींवरून यायची. भारनियमनाची ती वर्षं. दुपारी आमची लाइट गेली की वरच्यांची यायची. मंचरचा केबलवाला सावळेराम रोज दुपारी एक पिक्चर लावायचा, दोन सीडींचा. त्याने पहिली सीडी काढून दुसरी घालायला आणि आमची लाइट जायला नेहमी एकच गाठ पडायची. खालच्या आळीने पिक्चरची सुरुवात बघायची आणि वरच्या आळीने शेवट, असं कुणीही न ठरवता ठरून गेलं होतं.

मग संध्याकाळी दूध घालायला आले की दोन्ही आळ्या आपापले अर्धे जोडायच्या. आधी खालचे सांगणार, मग वरचे. सगळं सांगून झालं की डेअरीचे सचिव गेणभाऊ पिक्चरची फॅट काढायचे. म्हणजे चर्चा करून आकडा ठरायचा, पण जाहीर तेच करणार, दुधाच्या मशीनवर हात ठेवून. मारामारी आणि कोर्टाचा सीन असला की म्हशीची फॅट, सात-साडेसात. हिरो-हिरॉइन बर्फात हिंडणारा पिक्चर म्हणजे जर्शी गाय, साडेतीनच्या वर जायचा नाही. गाणी फार झाली तर 'डिग्री बसत नाय, पाणी घातलंय' असा शेरा मिळायचा. एका पिक्चरमध्ये हिरो शेवटी मेला, तेव्हा गेणभाऊंनी 'नासलंय, परत न्या' म्हणून तो सरळ नाकारला होता.

खालच्या आळीतर्फे सांगायचा मान माझ्या सासूबाईंचा, प्रयागबाईंचा. वरच्या आळीतर्फे सरुबाई. दोघी एकाच साली या गावात सून म्हणून आल्या, तेव्हापासूनची मैत्री. सासूबाई रडण्याच्या जागा फार सुंदर सांगायच्या, सरुबाई मारामारीच्या.

माझ्या दृष्टीने सरुबाईंचं महत्त्व वेगळंच होतं. त्या रोज सकाळी ओढा ओलांडून माझ्या श्रेयाला न्हाऊ घालायला यायच्या. श्रेया तेव्हा तान्ही होती आणि मी तिच्या प्रत्येक शिंकेला घाबरणारी. तिची मान, टाळू, बेंबी, कशालाही हात लावायचा म्हटलं की माझे तळवे घामाने भिजायचे. सासूबाईंचं मनगट एकदा पाय घसरून मोडलेलं, त्यांना बाळ पेलवायचं नाही. सरुबाई मात्र पाय पसरून बसायच्या, श्रेयाला कोकरासारखं पायांवर पालथं टाकायच्या, आणि तेल-पाणी-धुरी होईपर्यंत पोरगी झोपलेली असायची. "घाबरून न्हाऊ घातलं की पोरं घाबरट हुत्यात," असं त्या मला सुनवायच्या. मी गप्प ऐकून घ्यायचे. पुण्यात पैसे देऊनही असे हात मिळाले नसते.

असं सगळं नीट चाललेलं असताना एका मंगळवारी तो पिक्चर लागला.

पहिला अर्धा मी स्वतः पाहिला, श्रेयाला मांडीवर घेऊन. हिरो टॅक्सी चालवतो, आई आजारी, औषधाला जातो तर रस्त्यात दंगल, परत येतो तर आई गेलेली. सरण पेटलं, हिरोने मूठ आवळली, सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि लाइट गेली. संध्याकाळी डेअरीवर सासूबाईंनी हे इतकं रंगवलं की गेणभाऊंच्या हातातली दुधाची नळी तशीच राहिली. मग सरुबाईंनी शेवट सांगायला घेतला. इन्स्पेक्टर झालेल्या मिशीवाल्या हिरोने गुंडाला गच्चीवरून कसा उलटा टांगला ते सांगितलं, आणि म्हणाल्या, "मग घरी आला. आईनं त्याला मांडीवर घेऊन भाकरी भरवली. संपला."

"कुणाच्या आईनं?" सासूबाईंनी विचारलं.

"त्याच्याच की."

"ती मेली, सरू. मी सरण पेटताना बघितलंय."

"मी भाकरी खाताना बघितलंय."

डेअरीवरच्या लोकांनी आपापल्या परीने सांधायला सुरुवात केली. रांगेतल्या सोपानचं म्हणणं, ती मावशी असणार. सरुबाई म्हणाल्या, तो तिला आई म्हणत होता. कुणी म्हणालं, जुळी बहीण. गेणभाऊंना तर आधी टॅक्सीवाला इन्स्पेक्टर कधी झाला हेच कळेना, आणि मिशी कुठून आली हेही. सोपान म्हणाला की सुतकात दाढी-मिशी वाढते, इन्स्पेक्टर झाल्यावर त्याने नुसती दाढी काढली असेल. हे बहुतेकांना पटलं. आईचा प्रश्न मात्र सुटेना.

इथे सासूबाई बोलू नये ते बोलल्या. "तू आडवी होऊन बघतीस. डुलकी लागली आसंल."

सरुबाईंनी हातातली रिकामी किटली खाली ठेवली. "आमच्या घरात बाईमाणसानं रातभर जागून लांडग्यापास्नं मेंढरं राखल्यात, प्रयागा. डुलक्या कुणी काढायच्या त्या काढा. तुलाच रडायची हौस. कुणी जरा निजलं तरी तुला मेल्यालं दिसतं."

गेणभाऊंनी फॅट काढायला नकार दिला. दोन जनावरांचं दूध एका किटलीत आलंय, मशीन घेणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेल कोमट करून, पाट मांडून बसले. सरुबाई आल्या नाहीत.

त्या दिवशी श्रेयाला मी न्हाऊ घातलं. म्हणजे तसं घालायचं ठरवलं. तेल लावल्यावर ती साबणासारखी निसटायला लागली. एका हाताने मान धरली तर दुसऱ्या हातात तांब्या, मग पाय कुणी धरायचे. आमचे हे कारखान्याची पाळी करून आले होते, त्यांना टॉवेल धरून उभं केलं. मी म्हणाले पाणी गरम आहे, ते म्हणाले गार आहे, दोघं बोटं बुडवत बसलो तोवर ते खरंच गार झालं. श्रेया रडली, मग मी रडले. सासूबाई दारातून म्हणाल्या, "तेल डोळ्यात जाईल," आणि तेवढ्यात ते गेलं.

दुपारी मी श्रेयाला पोटाशी बांधून ओढा ओलांडला. सरुबाईंनी बाळाला हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "कानामागं डाळीचं पीठ तसंच हाय." मी म्हटलं, मावशी, चला ना उद्यापासून. त्या म्हणाल्या, "येती की. तुझ्या सासूला डेअरीवर म्हणू दे, आई जिती व्हती."

घरी आले. सासूबाई म्हणाल्या, मेलेल्या बाईला जिती म्हणायचं पाप त्या करणार नाहीत, नातीसाठीसुद्धा.

मी शिकलेली. मला वाटलं मध्यम मार्ग निघेल. मी सरुबाईंना सांगितलं की आई कदाचित नुसती बेशुद्ध पडली असेल. हे वरच्या आळीत लगेच पसरलं, आणि संध्याकाळी डेअरीवर म्हस्कूमामांनी, म्हणजे सरुबाईंच्या मालकांनी, सासूबाईंना गाठून सांगितलं की तुमची सूनच म्हणती ती बेसुद व्हती. सासूबाई घरी येऊन माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. मग मी सासूबाईंची समजूत काढायला म्हणाले की सरुबाईंना खरंच डुलकी लागली असेल. ते भिंतीपलीकडच्या कुशाबाईंनी ऐकलं, आणि सकाळपर्यंत ओढ्यापलीकडे पोचलं. आता दोन्हीकडून मीच खोटारडी ठरले. मामी आठवली.

त्यानंतर डेअरीवर पिक्चर सांगणं बंद झालं. खालच्या आळीने सुरुवात सांगायची नाही, वरच्यांनी शेवट सांगायचा नाही. लोक मुकाट दूध घालायचे, मुकाट जायचे. सासूबाईंची अवस्था वाईट होती. एका पिक्चरमध्ये एक गरोदर बाई विहिरीच्या काठावर उभी असताना लाइट गेली होती. त्या जेवताना मध्येच थांबून विचारायच्या, "उडी मारली आसंल का गं?" मला कुठून माहीत असणार. वर सरुबाई म्हणे रोज एका अनोळखी माणसाला अचानक फाशी जाताना बघत होत्या आणि त्याने काय केलं होतं हे कुणालाच विचारता येत नव्हतं. तरी दोघींपैकी कुणी ओढ्याकडे फिरकेना. आणि श्रेया रोज तेलाने माखून माझ्या हातातून निसटत होती.

मी शांतपणे विचार केला. सरण मी स्वतः पाहिलं होतं. आणि सरुबाई एक वेळ भांडतील, पण न पाहिलेली भाकरी सांगणार नाहीत. मग दोघी खऱ्या असल्या तर तिसरंच कुणीतरी मध्ये असलं पाहिजे. मी श्रेयाला घेतलं आणि एसटीने मंचरला सावळेरामच्या दुकानावर गेले.

त्याने आधी बराच वेळ वायरी इकडून तिकडे केल्या. मग श्रेया रडायला लागली, तेव्हा बोलला. त्या पिक्चरच्या दुसऱ्या सीडीवर चरा पडला होता. म्हणून त्याने दुसऱ्याच एका पिक्चरची दुसरी सीडी लावून दिली होती.

"हिरो तोच व्हता, वैनी. म्हणलं कुणाला कळतंय. तुमच्या गावात अख्खा पिक्चर बघतंय तरी कोण?"

मी त्याला गावात येऊन हे सांग म्हणाले. तो नको म्हणाला. मग मी श्रेयाला त्याच्या हातात दिलं आणि सगळी हकिगत सांगितली. पोरीने त्याचा शर्ट ओला केला आणि तो तयार झाला.

रविवारी दुपारी डेअरीसमोर त्याने आपला टीव्ही मांडला. गेणभाऊंनी डेअरीचा जनरेटर चालू केला. सावळेरामने हात जोडून सांगितलं की ते दोन वेगळे पिक्चर होते, माझी चूक झाली. कुणीही विश्वास ठेवला नाही. हिरो एक आणि पिक्चर दोन, हे कसं, असं सोपानने विचारलं. शेवटी सावळेरामने नवी आणलेली सीडी लावली. टॅक्सीवाल्याचा पिक्चर, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. गावाने मिळून पाहिलेला तो पहिलाच अख्खा पिक्चर असावा. सासूबाई एका बाजूला पोत्यावर, सरुबाई दुसऱ्या बाजूला दगडावर. मी मध्ये, श्रेयाला घेऊन, दोघींच्या चेहऱ्यांकडे बघत.

आई मेली. सासूबाईंनी मान वळवून सरुबाईंकडे पाहिलं. सरुबाई समोरच बघत राहिल्या. दुसरा अर्धा सुरू झाला. आई मेली ती मेलीच. हिरो टॅक्सीवालाच राहिला, गुंडाला पोलिसांनी पकडून नेलं, हिरो आईच्या फोटोला हार घालून रिकाम्या घरात बसला. संपला.

गेणभाऊंनी मशीनवर हात ठेवून विचारलं, किती? सासूबाई खऱ्या ठरल्या होत्या, सगळे त्यांच्याकडे बघत होते. आता त्या सरुबाईंना काहीतरी टोचून बोलणार आणि माझ्या पोरीची आंघोळ कायमची जाणार.

सासूबाईंनी पदराचं टोक पिळलं. मग म्हणाल्या, "साडेतीन. असं रिकाम्या घरात कुठं सोडत्यात व्हय पोराला." आणि थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, "सरू, तुझाच शेवट बरा व्हता."

सरुबाई दगडावरून उठल्या, पोत्याजवळ आल्या आणि सासूबाईंना सरकायला सांगून बसल्या. "सुरवात तुझीच पायजे पर. माझ्या शेवटातल्या आईला रडायजोगं काय व्हतं तरी काय." मग विचारलं, "विहिरीवरल्या बाईचं सांगू का?"

"मेली का?"

"न्हाई. बाळंत झाली. पोरगं झालं."

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. त्या टॅक्सीवाल्याच्या सुरुवातीला इन्स्पेक्टरचा शेवट जोडून गेणभाऊंनी आठ फॅट लावली. आमच्या डेअरीवर तेवढी कुठल्या म्हशीलाही लागलेली नाही. सोमवारी सकाळी मी पाणी काढायच्या आत सरुबाई पाटावर पाय पसरून बसल्या होत्या.

माझं काम झालं. फसला तो सावळेराम. दोन्ही आळ्यांनी त्याला कळवलं आहे की यापुढे पिक्चर तसाच पाहिजे, सुरुवात एकाची आणि शेवट दुसऱ्याचा. खालच्यांना पहिल्या सीडीत आई गेलेली पाहिजे, वरच्यांना दुसऱ्या सीडीत ती जेवू घालताना पाहिजे, आणि हिरो तोच पाहिजे. मिशीचं म्हणाल तर तिची सूट दिली आहे. पण असे जोड किती निघणार? कुठल्या हिरोची आई पहिल्यापासून शेवटपर्यंत धडधाकट, तर कुठल्याची मरते ती नेमकी दुसऱ्या सीडीत.

परवा श्रेयाला डोस पाजायला मंचरला गेले होते. त्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आतून पिक्चरमधल्या कुठल्याशा आईचा खोकला ऐकू येत होता, आणि सावळेराम तिला विनवत होता, "थांब बाई, एवढी दुसरी सीडी संपू दे."

मी आत गेले नाही. गेले असते तर पुढचा जोड कधी, हा सासूबाईंचा निरोप सांगावा लागला असता. तुम्ही बटाटा घेऊन मंचरच्या बाजारात आलात, तर जरा त्याच्याकडे डोकावून बघाल का? दोन घास खातो का, झोप लागते का, तेवढं विचारा. फक्त आमच्या गावाकडून आलात असं त्याला वाटू देऊ नका.