नाव त्यांचं, रक्त माझं!

रत्नप्रभा परबांच्या घरात साखरेला सक्त मनाई होती! त्यांच्या यजमानांना, म्हणजे चंद्रप्रकाशांना, डायबेटिस निघाला त्याच दिवशी बाईंनी साखरेचा डबा माळ्यावर टाकला आणि जाहीर केलं, "डॉक्टर गोळ्या देतील त्या देतील. शुगर कशी खाली येत नाही ते मी बघते!"

आणि बघितलंच त्यांनी. शेजारची कुंदा गाजर हलव्याची वाटी घेऊन आली, की चंद्रप्रकाशांनी चमचा उचलायच्या आत वाटी गायब. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या ताटात जिलेबी पडायचा अवकाश, की बाईंचा हात आलाच. गावाहून मालवणी खाजं यायचं, त्याचा चंद्रप्रकाशांना फक्त वास मिळायचा. "गो, एक तुकडो तरी दी," असं म्हणून ते आशेने बघायचे. मुलुंडच्या त्या अख्ख्या सोसायटीत एवढा आज्ञाधारक पेशंट दुसरा नव्हता, कारण त्यांना दुसरा इलाजच नव्हता.

सहा महिन्यांनी तपासणी करायची ठरली. लॅबचं नवरा-बायकोचं एकत्र पॅकेज होतं. बाई म्हणाल्या, "माझीही करून टाकू. शिस्तीत राहणाऱ्या माणसाचा रिपोर्ट कसा असतो ते कळू दे तुम्हाला!"

सकाळी लॅबचा माणूस घरी येऊन दोघांचं रक्त आणि लघवीच्या बाटल्या घेऊन गेला. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आले. चंद्रप्रकाशांच्या रिपोर्टात उपाशीपोटीची शुगर शंभराच्या आत, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं ते एचबीएवनसी साडेपाच. एकही आकडा ठळक नाही!

बाईंनी मग स्वतःचा रिपोर्ट उघडला. उपाशीपोटी एकशे बावन्न. एचबीएवनसी आठच्या वर. आकडे ठळक, काळेकुट्ट, आणि पुढे धोक्याची खूण.

बाईंनी वरचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

"अदलाबदल!" बाई ओरडल्या. "सकाळी टेबल आवरताना त्या नळ्या मीच इकडच्या तिकडे केल्या होत्या. त्या लॅबवाल्याने चिठ्ठ्या उलट्या लावल्या. हा चांगला रिपोर्ट आहे ना, नाव तुमचं, पण रक्त माझं!"

"म्हणजे आठ माझं?" चंद्रप्रकाशांचा चेहरा पडला. सहा महिने कारल्याचा रस पिऊन आठ!

"चोरून खाल्लं असणार तुम्ही!"

"अगो, पण कुठे? मला वीस रुपयेसुद्धा मोजून देतेस तू!"

बाई तोवर लघवीच्या रिपोर्टाकडे वळल्या होत्या. चंद्रप्रकाशांच्या नावाच्या कागदावर लिहिलं होतं, पस सेल्स एक ते दोन.

"अगं बाई, पू! हा मात्र तुमचाच हं."

"असं कसं? हा रिपोर्ट तुझा म्हणालीस ना?"

"शुगर माझी, पू तुमचा!" बाईंनी निकाल देऊन टाकला. त्याच्यावर अपील नव्हतं.

एवढ्यात कुंदा आली. बाईंनी तिला अदलाबदलीची हकीकत सांगितली आणि चांगला रिपोर्ट मोठ्याने वाचून दाखवला. हिमोग्लोबिन चौदा. किडनी झकास. लिव्हर झकास. शेवटी आलं पीएसए, एक पूर्णांक दोन, तेही नॉर्मल.

"पीएसए म्हणजे काय गं?" कुंदाने विचारलं.

अडून राहणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. "हाडांचं असतं ते. आपल्या वयात करायलाच पाहिजे."

"अगं, मग माझ्या पॅकेजात का नाही?"

"स्वस्तातलं घेतलं असशील!"

कुंदाला हे फारच लागलं. घरी पोचायच्या आत तिने महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, 'मैत्रिणींनो, हाडांसाठी पीएसए आवर्जून करून घ्या. रत्नाचं नॉर्मल आलंय! उद्या सगळ्या मिळून लॅबमध्ये जाऊ.' खाली भराभर अंगठे उमटले.

दुसऱ्या दिवशी बाई नवऱ्याला घेऊन डॉक्टर गंधाली सामंतांच्या दवाखान्यात गेल्या. चंद्रप्रकाशांची वाट लागलेली होती. रात्रभर ते आपली गोळी कुठे चुकली ते आठवत होते. बाईंनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर ठेवले आणि लॅबचा गलथानपणा सविस्तर सांगितला. डॉक्टर पानं उलटत होत्या, तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. स्पीकर लावायची गरज पडली नाही. कुंदाचा आवाज बाहेर बसलेल्या पेशंटनाही ऐकू गेला.

"रत्ना! मी लॅबमध्ये उभी आहे! अख्खं मंडळ आहे माझ्यासोबत! काउंटरवरची मुलगी विचारते, पेशंट कुठे आहेत? म्हटलं, आम्हीच! सगळी लॅब हसतेय यार! ती टेस्ट पुरुषांची असते गं!"

बाईंनी फोन बंद केला. डॉक्टरांनी हसू दाबायचा खूप प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही.

"परबबाई, पीएसए म्हणजे प्रोस्टेटची तपासणी. ती ग्रंथी बायकांना नसतेच. त्यामुळे तुमच्या रक्तात हा आकडा यायचा नाही. हे रक्त यांचंच आहे."

"आणि तो पू?" चंद्रप्रकाशांनी घाबरत विचारलं.

"एक-दोन पेशी सगळ्यांच्याच लघवीत सापडतात. तुमचं सगळं उत्तम आहे, काका."

"मग आठ..." बाईंचा आवाज एकदम बारीक झाला.

"तुमचं आहे. हवं तर परत तपासू, पण मला नाही वाटत फार फरक पडेल. हा तीन महिन्यांचा हिशेब असतो, एका दिवसाच्या उपासाने बदलत नाही."

रत्नप्रभाबाई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांच्या आईच्या पायाचं बोट याच आजारात कापावं लागलं होतं. सहा महिने नवऱ्याच्या हातातून वाट्या हिसकावल्या होत्या त्या याच भीतीने, आणि आता ती भीती त्यांच्याच मांडीवर येऊन बसली होती.

"गोड किती खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी? छे! घरात गोड शिजतच नाही. स्वतःसाठी तर मी कधी वाढूनसुद्धा घेत नाही!"

तेव्हा सहा महिन्यांत पहिल्यांदाच चंद्रप्रकाशांचा आवाज चढला. "मगे माझो वाटो खंय गेलो?"

"कुठे जाणार? अन्न टाकून का द्यायचं? कुंदाचा हलवा उरला, तो संपवला. ती जिलेबी तुमच्या ताटातली, उष्टी, कुणाला देणार? खाजं मऊ पडत होतं. सत्यनारायणाचा शिरा, तो तर प्रसाद. आमरस दुसऱ्या दिवशी काळा पडतो म्हणून..."

बोलता बोलता बाईंचा वेग कमी होत गेला. आमरसापाशी त्या थांबल्याच.

"म्हणजे काकांची शुगर उतरली ती तुमच्यामुळेच," डॉक्टर म्हणाल्या.

"बघा!" बाई सवयीने ताठ झाल्या. "मीच उतरवली ना?" पण तो ताठा काही टिकला नाही. डोळ्यांत पाणी आलं. "डॉक्टर, यांच्या ताटातलं काढून घ्यायला मी होते. माझ्या ताटातलं कोण काढून घेणार हो?"

चंद्रप्रकाशांनी शाळेतल्या मुलासारखा तत्परतेने हात वर केला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना इतकं भरून आलं, की भर दवाखान्यात त्यांनी नवऱ्याचा दुसरा हात धरला.

"छान," डॉक्टर गोळ्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "फक्त काका, काढून घेतलेलं तुम्ही खायचं नाही."

वर गेलेला हात हळूहळू खाली आला.