रामटेकेभाऊंचे स्पॅनिश स्टेशन

माझे शुद्धलेखन कच्चे आहे आणि अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. याच अक्षरात मी एका टीव्ही स्टेशनचा इतिहास लिहिला आहे, तोही स्पॅनिश स्टेशनचा. मला ती भाषा येत नाही. सांगणाऱ्यालाही फारशी येत नव्हती.

सांगणारे म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे रामटेकेभाऊ. २००५ साली मी सिंगापूरला मुलाकडे, बुकित पंजांग वस्तीत आले, तेव्हापासून पाहते. संध्याकाळी बरोबर सहाला ते इस्त्रीचा शर्ट घालून इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर येत, दगडी टेबलावर तीनदा टकटक करत आणि खणखणीत आवाजात स्पॅनिश नमस्कार घालत, "ब्वेनास तार्देस." पट मांडून बसलेल्या चिनी आजोबांना, झाडणाऱ्या माणसाला, मांजरांनासुद्धा. मांजरे सोडून सगळे उत्तर देत. चिनी आजोबा म्हणत, "तार्देस, लाह." मला वर एक "जयभीम" मिळे. मी मान खाली घालून उत्तर पुटपुटे.

भाऊ नागपूरचे इंजिनियर. तरुणपणी अमेरिकेतल्या एका लहान गावात नोकरीला होते. तिथल्या शेतमजुरांसाठी डॉन इग्नासिओ नावाच्या गृहस्थाने त्यांच्या भाषेतले, स्पॅनिश स्टेशन काढले होते. कोंबड्यांचे रिकामे गोदाम, एक कॅमेरा, एक मनोरा. मनोरा भाऊंच्या ताब्यात.

"ताई, वारा सुटला की मनोरा हलायचा आणि अख्ख्या गावाचं चित्र हलायचं. मग मी दोर धरून उभा. बातम्या संपेपर्यंत."

कार्यक्रम सहाला सुरू होत. माइक चालतो का, ते भाऊ टकटक करून बघत. तीच सवय राहिली.

पुढे त्यांचा हात थरथरू लागला. एकदा मला भाजीची यादी लिहिताना पाहून म्हणाले, इतिहास लिहून द्याल का. मी म्हणाले, मी चौथी शिकलेली.

"सुभद्रा तिसरी. आणि ती टीव्हीवर आली."

सुभद्राबाई त्यांची बायको. सिंगापूरला येण्याआधीच वारलेली. एकदा स्टेशनवर गाणारा आला नाही, तर भाऊंनी घरून बायकोला उचलून आणले, तिच्या मडक्यासकट. तिने शेगडीवर मडके पालथे घातले, कणीक दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पसरली आणि टाकली मडक्यावर. ते गाव मक्याच्या छोट्या पोळ्या खाणारे. एवढी लांब, रुमालासारखी पोळी बघून सगळे गार. बाई नागपुरीत सांगे, "अन् हे असं फिरवाचं," आणि निवेदक स्पॅनिशमध्ये मनाला येईल ते सांगे. कोणाची तक्रार आली नाही. तेरा आठवडे कार्यक्रम चालला.

तिला आठवड्याला दहा डॉलर ठरले होते. पण स्टेशन बंद पडले आणि ते पैसे राहिले. भाऊ दर वर्षी डॉन इग्नासिओच्या घरी पत्र टाकत. मुलगी सुजाता चिडवे, "बाबा, तिकिटांवरच त्याहून जास्त घालवलेत." मीही त्यांना चिकट समजत होते, खोटे कशाला लिहू.

गेल्या वर्षी मालकाच्या मुलीने चेक पाठवला. एकशे तीस डॉलर, भाऊंच्या नावाने. भाऊंनी तो परत पाठवला. सुजाता चिडली.

भाऊ मला म्हणाले, "मी कुठे एक तरी पोळी केली?"

त्या संध्याकाळी त्यांनी टेबल वाजवले नाही. स्टेशनचे जुने कागद कधीच गेले होते. टेपा महाग, म्हणून एकीवरच पुन्हापुन्हा रेकॉर्डिंग होई. सुभद्राबाईंच्या तेराही कार्यक्रमांवर फुटबॉलचे सामने भाऊंनी स्वतःच्या हाताने भरले होते.

"ती तिथं होती, हे सांगणारा आता एकच कागद येऊ शकतो, ताई."

दुसरे पाकीट आले तेव्हा भाऊ सहाच्या आधीच खाली उतरले. चष्मा खिशात होता, तरी कागद माझ्या हाती दिला. एमआरटी रेल्वेच्या स्टेशनांवरच्या पाट्या वाचून मला मोठी इंग्रजी अक्षरे येतात. मी सावकाश वाचले. सुभद्रा रामटेके. तेरा कार्यक्रम. एकशे तीस डॉलर.

"पुन्हा वाचा."

मी तीनदा वाचले, शेवटी बरीच मोठ्याने. चिनी आजोबांनी खेळ थांबवला. सुजाता हळूच म्हणाली, बाबा, आईच्या नावाचा हा चेक आता कुठलीही बँक घेणार नाही.

भाऊंनी मान हलवली, चेक घडी न घालता इतिहासाच्या वहीत ठेवला आणि टेबलावर तीनदा टकटक केले.

"शेवटची ओळ लिहा, ताई."

मी माझ्या वाकड्या अक्षरात लिहिले: सुभद्राबाई रामटेके यांचे सर्व पैसे स्टेशनने चुकते केले.