नातेवाईकांनी बाहेर थांबावे

डॉ. सृष्टीने पुणतांब्याहून आलेल्या बनुबाईंच्या घरच्यांना तपासणीच्या खोलीबाहेर काढलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

सृष्टी कोपरगावच्या एका रुग्णालयात फॅमिली मेडिसिन शिकत होती. त्या महिन्यात मनाच्या आजारांचे धडे चालू होते. शिकवणाऱ्या रेबेका मॅडमनी बजावलं होतं, "घरच्यांना बाहेर बसव. माणसाला एकटं घे आणि जीव नकोसा वाटतो का, हे सरळ विचार." सल्ला सोन्यासारखा होता. फक्त पुणतांब्याकडच्या माणसाला डॉक्टरने बाहेर बसवलं, की तो कसला आजार म्हणून विचारत नाही. तो थेट पाहुण्यांना फोन लावतो.

आत बनुबाई बोलू लागल्या. "मालक गेल्यापासून घरात कुनी बोलत न्हाई, म्याडम. जेवली का इचारत्यात, ते बी मोबाईलमधी बघून. मागं शेततळ्यावर गेल्ते एकदा. मंग वाटलं, म्हशीला पानी कोन दावील? आले माघारी."

सृष्टीने लगेच रेबेका मॅडमना बोलावलं. दुसरी डॉक्टर आत गेली आणि दार पुन्हा लागलं, तसा बाहेर मुलगा गोरक्ष पाहुण्यांना फोन लावू लागला.

"कॅन्सर आसंल," सून म्हणाली आणि तिने रडायला सुरुवात केली.

देखरेखीसाठी बनुबाईंना वॉर्डात ठेवलं, तेव्हा तर खात्रीच झाली. दुपारी टेम्पो भरून भावकी आली. बांधावरून अबोला धरलेल्या शेजारणीने पाय धरले. सुनेने वेणी घातली. गोरक्ष सीताफळ भरवत लहानपणीच्या गोष्टी काढून बसला. संध्याकाळी नगरहून बनुबाईंचा भाऊ राधाकृष्ण आला. वर्षानुवर्षं न फिरकलेल्या या भावाने येताना माहेरचं लुगडं आणलं होतं, बाई गेल्यावर तिच्या अंगावर घालतात ते.

"आलोच हाय तर रंग दावतो," तो डोळे पुसत म्हणाला.

बनुबाईंनी पदर उलगडून पाहिला. "काठ बारीक हाय. पोत बरा हाय." आणि त्या चक्क हसल्या.

सृष्टीला ही भानगड कळली तेव्हा तिने सगळ्यांना गोळा केलं. "आजींना कॅन्सर वगैरे काही नाही. मन फार खचलंय. गोळ्या देतोय, पण त्यांना एकटं सोडू नका, त्यांच्याशी बोलत राहा."

घरच्यांनी 'काही नाही' पर्यंतच ऐकलं.

"मंग भ्यायचं कारन न्हाई ना?" गोरक्षने सुटकेचा निःश्वास सोडला. टेम्पो चालू झाला. स्टँडजवळचं दुकान बंद व्हायच्या आत परत करायचं म्हणून राधाकृष्णने लुगडं पिशवीत कोंबलं. सून सोबतीला थांबली आणि कोपऱ्यात मोबाईल काढून बसली.

सृष्टी स्टूल ओढून जवळ बसली, तेव्हा बनुबाई छताकडे बघत होत्या.

"म्याडम, तुमी लई चांगल्या," त्या हळूच म्हणाल्या. "पर आजून चार दिस सांगायचं न्हवतं."