भागिले आठ

बाळारामकाकांचा राग रोज सकाळी सात वाजता माझ्या अंगणात येतो. काका त्याच्या मागून.

"रवी, चाळीस भागिले आठ किती रे?"

मी डोळखांब भागात घरोघरी इंटरनेट जोडून देतो. माझ्या फलकावर 'स्पीड ४०' असं ठसठशीत लिहिलंय. ते चाळीस मेगाबिट. काकांच्या मोबाईलवर फाइल उतरताना दिसतात मेगाबाइट, आणि आठ बिटांचा होतो एक बाइट. म्हणजे सेकंदाला पाचच. हे मला ठाऊक आहे. पण तोंडात ब्रश असताना, आपल्याच अंगणात ते कबूल करायला मी काय खुळा आहे?

"सगळीकडे असंच लिहितात, काका."

"सगळे पायली सांगून शेर घालतात, मंग तू पन घालशील?"

काका भातसा धरणावर पाणी मोजायला होते. उभी हयात क्युसेकचे लिटर करण्यात गेली. कुणी नुसता आकडा सांगितला की त्यांचं डोकं फिरतं. "चाळीस काय? आंबे?" निवृत्त होऊन गावी आले आणि माझं नेट मोजू लागले. दिवसातून तीनदा, खडूने, पडवीच्या भिंतीवर. कधीकधी वाटायचं, त्यांची वायर कापून तीच त्यांच्या हातात द्यावी.

पुढे तर आठ त्यांच्या जिभेवरच बसला. एका सभेत पुढारी म्हणाला, चोवीस पाड्यांना रस्ता देतो. मागून काका कडाडले, "आठानं भागा. तीन." रस्ते खरंच तीन झाले. मग तर त्यांना चेवच चढला.

गेल्या उन्हाळ्यात एके संध्याकाळी साडेपाचला त्यांचा फोन आला. "रवी, येतोस का जरा?" भागाकार नाही, शिवी नाही. मी घाबरून धावलो.

काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या धवलारीण, पंचक्रोशीतल्या लग्नांत धवले गायच्या. कसाऱ्याच्या एका लग्नातलं त्यांचं गाणं व्हिडिओवाल्याला सापडलं, आणि त्याने काकांना लिंक पाठवली. ती सहाला बंद होणार होती. मूळ प्रत त्याने पुसून टाकली होती. लिंक आठवडाभर उघडी होती. काकांचा हातच पुढे झाला नव्हता.

"दोन हजार मेगाची फाइल हाय. स्पीड चारचा. पाचशे सेकंद, म्हंजे नऊ मिन्टं. व्हईल ना?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. अख्ख्या गावाला आठ शिकवणारा माणूस आज आठ विसरला होता. फाइल बाइटमध्ये, स्पीड बिटमध्ये. नऊ मिनिटं कसली, तासाहून जास्त वेळ लागणार होता. आमच्याकडे वीस मिनिटं होती.

आणि चारचा स्पीड का? तर क्रिकेटची मॅच चालू होती, आणि एका घराला पुरेल एवढी लाइन मी तीस घरांना विकली होती. मला स्वतःचा असा संताप आला की काही विचारू नका.

"व्हईल," मी म्हटलं, आणि चावडीजवळच्या पेटीकडे पळालो. काकांची वायर सोडून एकूण एक वायर उपटली. परत येईपर्यंत खिशातला मोबाईल कोकलायला लागला होता. सरपंच, दुकानदार, माझा सख्खा मेव्हणा. मी कुणाचाच उचलला नाही. सात मिनिटांत फाइल उतरली.

काकांनी व्हिडिओ लावला. काकू मांडवात बसून गात होत्या. एका ओळीच्या मधेच त्या थांबल्या आणि बाजूच्या बाईला म्हणाल्या, "आमच्या ह्यांना वाढलं का गो कुनी? ते मागून घ्यायचे नाय."

रोज सकाळी माझ्याकडे हिशोबाने माप मागणारा हा माणूस.

"वाढलं गो," काका मोबाईलला म्हणाले. "जेवलो मी."

मी आत ओट्याकडे पाहिलं. भांडी सगळी पालथी होती, कोरडी. मोबाईल पुन्हा वाजला. मी सरपंचांचा फोन कापला, घरी लावला आणि बायकोला सांगितलं, काकांचं ताट वाढ.