आबांची प्लगपारख

मुलीला स्थळ आलं की लोक पत्रिका मागतात. आमच्या शेजारच्या हणमंतआबांनी पाहुण्यांच्या गाडीचे स्पार्क प्लग काढून घेतले.

आबा फौजेत गाड्या दुरुस्त करत करत सुभेदार झाले आणि पेन्शन घेऊन साताऱ्यात आले. दारात कुणाची गाडी थांबली की रामराम नंतर, आधी बॉनेट. प्लग काढायचा, चष्मा कपाळावर सारायचा आणि वैद्यानं जीभ बघावी तसं त्याचं टोक उन्हात न्याहाळायचं. त्यावरून इंजिनाचं दुखणं कळतं, हे मलाही मान्य आहे. पण आबांना मालकाचा स्वभावसुद्धा कळायचा. काजळी धरली असेल तर मालक भित्रा, चोक ओढूनच गाडी हाकतो. पांढराफटक असेल तर माणूस तापट. "प्लग खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं पालुपद. माझ्या स्कूटरचा तेलानं थबथबलेला प्लग पाहून म्हणाले, "मास्तर, लय लाडावून ठिवलीया." यावर आमची ही आतून म्हणाली, की या घरात कुणाचे तरी लाड होतात म्हणायचे!

शालन ही त्यांची एकुलती एक मुलगी. आई गेल्यापासून घर तीच सांभाळायची. तिला बघायला फलटणचे पाहुणे आले. पेट्रोल कडाडलेलं असताना मुलगा स्वतः फियाट चालवत आला, त्यामुळे गल्ली आधीच दबकली होती. पोहे झाले, चहा झाला. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत आहेत, हे आंधळ्यालाही दिसत होतं. फक्त आबांचा होकार यायचा होता, आणि आबाच गायब होते.

निघायची वेळ झाली. मुलानं किल्ली फिरवली. गाडी नुसतीच कण्हली. पुन्हा फिरवली, तेच. मुलाच्या मामांचा चेहरा उतरला. पहिल्याच पावलाला गाडी अडली, हा शकुन काही बरा नाही, असं ते पुटपुटले. शालन दारातच थिजली.

मी धावत परसात गेलो. आबा उन्हात उकिडवे बसलेले, पुढ्यात रुमालावर चारी प्लग.

"आबा, काय खोट निघाली का?"

"न्हाई ओ मास्तर. चारीबी बिस्किटाच्या रंगाचं. असं प्लग म्या फौजेतबी कवा बघितलं न्हाईत." मग खाली बघत म्हणाले, "एखादा तरी काळा निघंल, आसं वाटलं हुतं. मंग पोरगी देत न्हाई म्हणून सांगायला बरं पडलं आसतं."

एवढा दांडगा माणूस, पण त्याचे डोळे भरले होते.

आबा उठले. रुमाल घेऊन थेट गाडीपाशी गेले आणि मामांना म्हणाले, "शकुन-बिकुन काय न्हाई पावनं. प्लग माझ्याकडं हुतं." मुलगा खो खो हसत सुटला आणि त्याच्यामागे मामाही. आबांनी स्वतः चारी प्लग बसवले, बॉनेट लावलं. गाडी एका फटक्यात चालू झाली.

मग खिडकीशी वाकून ते मुलाला म्हणाले, "जावईबापू, दर सणाला गाडी हिकडं आणायची. प्लग मीच बघनार. आन् गाडी एकटी आणायची न्हाई. माझी शालन संगं पायजे."