सारा कालव्यात पडली त्याची गोष्ट

२०११ साली मी एकसष्ट वर्षांची होते, आणि अख्ख्या मेपेल गावात माझ्याइतकी झोकात सायकल चालवणारं कुणी नव्हतं! पण मी विजेची सायकल घेतली आणि माझा मुलगा हार्मेन बिथरला.

"आई, एकदा जरी पडलीस, तर बॅटरीची किल्ली माझ्याकडे!"

"दिली! पण पडले तर!"

त्या शनिवारी माझी धाकटी बहीण ट्रूस पन्नाशीची झाली. आमच्याकडे बाई पन्नाशीला पोचली की तिच्या दारात माणसाएवढी कापडी म्हातारी बसवतात. तिचं नाव सारा. मी शिवली, खिशाच्या एप्रनसकट! आदल्या वर्षी शेजारणीची सारा वाऱ्याने उडून चर्चच्या कुंपणावर जाऊन बसली होती. म्हणून माझ्या साराच्या पोटात मी वीस किलो वाळू भरली आणि तिला कॅरिअरवर बांधलं. ट्रूस बाजारातून परतायच्या आत पोचायचं होतं.

मोटर पुढे ढकलत होती, सारा मागे खेचत होती, आणि पुढचं चाक चुकार वासरासारखं वाट्टेल तिकडे तोंड वळवत होतं. दोन्ही हातांनी धरलं होतं तोवर ठीक. पण कालव्याशी डावं वळण आलं. वळताना हात दाखवायचा, रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी दाखवायचा, हे आम्हाला शाळेपासून घोटलेलं! मी दाखवला.

हँडलला उचकी लागली. सायकल डळमळली. मी कसाबसा पाय टेकला, दोरी सुटली आणि धपाक्!

"आजीबाई बुडाल्या!" बेकरीवाला लुबर्ट दुकानातून धावत आला आणि थेट पाण्यात उतरला.

"अहो, ती सारा आहे!"

"साराबाई, हात द्या! हिचं वय काय?"

"पन्नास!"

"दिसते ऐंशीची!"

"अहो, तिच्या पोटात वाळू आहे!"

"दुखणी नंतर सांगा, आधी दोरी टाका!"

त्याने केस धरून ओढलं. लोकरीचा टोप हातात आला! लुबर्टची किंकाळी ऐकून बाजारातून परतणारी ट्रूस कोबीसकट धावत आली. टोप पाहून तिने ओळखलं.

"ही माझी सारा?"

लुबर्ट निथळत वर आला. आमच्याकडे वाढदिवसाला घरच्यांचंही अभिनंदन करतात, आणि रीत म्हणजे रीत! त्याने ट्रूसचं अभिनंदन केलं, मग बहीण म्हणून माझंही.

तेवढ्यात हार्मेन हजर. "पडलीस ना?"

"मी कुठे? सारा पडली!"

लुबर्टला सणसणीत सर्दी झाली. ट्रूसने त्याला सूप नेऊन दिलं आणि पुढच्या वर्षी त्याच्याशी लग्न केलं. सारा वाळूसकट अजून तळाशी आहे. सायकल मात्र माझ्याकडेच आहे. पडलेच नव्हते ना!

फक्त, हरवू नये म्हणून किल्ली मी साराच्या एप्रनच्या खिशात ठेवली होती. जोडकिल्ली हार्मेनकडे. दर रविवारी चार्जिंगसाठी बॅटरीचं कुलूप उघडून ती काढून द्यायला तोच येतो आणि दारातूनच विचारतो, "काय आई, पडलीस का?"