संजदकची लोकसंख्या

माणूस आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार अखेर शिरगणतीचा. श्वास घेणं हा दुय्यम पुरावा.

आमचं संजदक इराणातल्या बिरजंदच्या डोंगरात, वरच्या गावाच्या खाली आणि खालच्या गावाच्या वर आहे. (नकाशावर तिथे एक ठिपका दिसतो. तो माशीचा नाही, अशी हमी कोणी दिलेली नाही.) चुली बावीस, माणसं ब्याण्णव, ट्रॅक्टर एक, शेळ्या विचारू नयेत. शिरगणतीत वीस चुली, म्हणजे वीस कुटुंबं, भरल्या की गावाला दवाखाना आणि सुईण मिळते. कुदरतची सून गुलअंदाम सातव्या महिन्यात होती, आणि तिचं पहिलं मूल शहराच्या वाटेवरच गेलं होतं. म्हणून या वेळी मोजणी नीट व्हावी, मोजणीला येणाऱ्या साहेबाच्या मानपानात काही कमी पडू नये, असं गावाने ठरवलं. तिथेच घात झाला.

साहेब आले. सरकारी गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला आम्ही इंजिनिअरसाहेब म्हणतो. यांनीही हरकत घेतली नाही. पहिलं घर कुदरतचं.

“कुटुंबप्रमुख कोण?”

“काय लाजवता साहेब! गावचे वडीलधारे मशदी याकूब बसलेत ना अजून! मी कसला डोंबलाचा प्रमुख? आम्ही त्यांच्या सावलीतली माणसं, त्यांचं नाव घाला. आणि चहा घेतल्याशिवाय उठाल तर माझी शपथ आहे!”

दुसऱ्या घरी हेच उत्तर, तिसऱ्या घरीही हेच. स्वतःला प्रमुख म्हणवणारा आणि पाहुण्याला उपाशी धाडणारा, दोघांनाही आमच्याकडे सारखीच नावं ठेवतात. साहेबांनी बावीस घरांत चोवीस पेले चहा घेतला (विधवा रुबाबेकडे तीन), चार ठिकाणी जेवले, आणि शेवटी मशहदची यात्रा करून ‘मशदी’ झालेल्या नव्वदीच्या याकूबांसमोर पोट धरून बसले.

मशदी म्हणाले, “मी? मी कोण, मूठभर माती. हे घर, हे गाव, सगळं तुमचंच की!”

साहेब कायद्याचा माणूस. स्वतःच्या नावावर गाव लावून न घेण्याइतके प्रामाणिकही. सगळ्या घरांचा प्रमुख एकच, म्हणून त्यांनी लिहिलं : कुटुंब एक. आणि तीनपेक्षा कमी कुटुंबं असली तर त्यांचा खाजगीपणा जपण्यासाठी सरकार आकडा छापत नाही. फार नाजूक मनाचं आहे हो सरकार. त्यामुळे यादीत आलं : “संजदक. गाव आढळले. लोकसंख्या दिलेली नाही.”

गावचा मास्तर म्हणून हरकतीचा अर्ज घेऊन मीच कचेरीत गेलो.

कारकून म्हणाला, “गुरुजी, अर्ज रहिवाशाने करायचा असतो. तिथे रहिवासी आहे कोण? बरं, तुमच्या घरचा प्रमुख कोण सांगितलात?”

मीही मशदी याकूबच सांगितलं होतं. आजही त्याची लाज वाटते.

दोन महिन्यांनी गुलअंदाम ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, शहरापासून सात कोसांवर बाळंत झाली. मुलगी जगली. दाखल्यात जन्मस्थळ म्हणून कारकुनाने ‘रस्ता’ लिहिलं, कारण माणसं नसलेल्या गावात जन्म होऊ शकत नाही. गुलअंदाम म्हणाली, “असू दे. एकीला तरी मोजलं मेल्यांनी.”

तुम्ही हसलात, ठीकच आहे. आता एक सोपा प्रश्न. तुमच्या समोरच्या दारामागे माणसं किती राहतात? उठून बेल वाजवायची तसदी घेऊ नका. ‘दार आढळले’ एवढं लिहिलंत तरी चालेल.